व्ह्यूमध्ये मॉडेलचा नेमका कोणता डेटा दाखवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांकडून मॉडेल (डेटाबेसमधील माहितीचे वर्णन) आणि व्ह्यू (ती माहिती निवडून पानाला देणारा कोड) यांच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः पायथन भाषेतील जँगो या फ्रेमवर्कची आहेत, कारण बहुतेक प्रश्न त्याच्या वापरकर्त्यांनीच पाठवलेले आहेत. रेल्स, लाराव्हेल किंवा स्प्रिंग वापरणाऱ्यांना पद्धतींची नावे वेगळी दिसतील, परंतु घ्यावे लागणारे निर्णय तेच आहेत. लेख, लेखक, प्रतिक्रिया आणि ऑर्डर अशी साधी मॉडेल्स उदाहरणादाखल धरली आहेत.

१. पानावर कोणता डेटा द्यायचा, हे ठरवायला सुरुवात कुठून करावी?

सुरुवात टेबलापासून न करता पानापासून करावी. हे पान कोण पाहणार आहे आणि त्याला तेथे काय हवे आहे, हे एका वाक्यात लिहून काढले की पुढचे निर्णय सोपे होतात: कोणत्या नोंदी, त्यांतील कोणती फील्ड (शीर्षक, तारीख असे रकाने), जोडलेल्या कोणत्या मॉडेलमधील माहिती, कोणत्या क्रमाने आणि किती. ‘वाचकाला अलीकडे प्रसिद्ध झालेले वीस लेख, तारीख आणि लेखकाच्या नावासह, पाहायचे आहेत’ असे वाक्य लिहिले, तर प्रसिद्धीची अट, शीर्षक व तारीख ही फील्ड, लेखकाशी असलेला संबंध, उलटा कालक्रम आणि वीसची मर्यादा हे सगळे त्यात आपोआप येऊन जाते. लेखाचा पूर्ण मजकूर त्या वाक्यात नाही, म्हणून तो क्वेरीतही (डेटाबेसकडे केलेल्या मागणीतही) असण्याचे कारण नाही. मॉडेलची रचना माहिती साठवण्याच्या सोयीने झालेली असते. ती जशीच्या तशी पानावर उतरवण्याची सवय हेच पुढील बहुतेक अडचणींचे मूळ आहे, असे माझे ठाम मत आहे.

२. हा निर्णय मॉडेलमध्ये घ्यावा, व्ह्यूमध्ये की टेम्प्लेटमध्ये?

ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क येथे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी केली, तेव्हापासून माहिती आणि तिचे दर्शन वेगळे ठेवण्याचा आग्रह कायम आहे. जँगोमध्ये कंट्रोलरचे बरेचसे काम व्ह्यू करतो आणि दर्शनाचे काम टेम्प्लेट (पानाचा साचा) करते, हे लक्षात ठेवले की इतर फ्रेमवर्कची माहिती वाचताना गोंधळ होत नाही.

जो नियम अनेक पानांना लागू आहे, उदाहरणार्थ ‘प्रसिद्ध लेख म्हणजे कोणते’, तो मॉडेलच्या मॅनेजरमध्ये (जेथून त्या मॉडेलच्या क्वेरी सुरू होतात) किंवा क्वेरीसेटच्या (रचलेल्या क्वेरीच्या) पद्धतीत असावा. रेल्स आणि लाराव्हेलमध्ये यासाठी स्कोप असतात. एका विशिष्ट पानाची गरज, म्हणजे मर्यादा, क्रम आणि सोबत आणायचे संबंध, व्ह्यूमध्ये असावी. टेम्प्लेटने हातात आलेली माहिती मांडावी. टेम्प्लेटमध्ये ‘लेख प्रसिद्ध असेल तरच दाखवा’ अशी अट लिहिली, तर वीसच्या पानावर कधी सतरा, कधी अकरा लेख दिसू लागतात, कारण मर्यादा आधी लागते आणि गाळणी नंतर.

३. टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबल लिहिले, पण जागा रिकामीच दिसते आणि त्रुटीही येत नाही. असे का?

जँगोच्या टेम्प्लेटमध्ये न सापडलेले व्हेरिएबल मुकाट्याने रिकाम्या स्ट्रिंगमध्ये बदलते. बहुतेक वेळा नाव जुळलेले नसते: लिस्ट-व्ह्यू यादीला ‘ऑब्जेक्ट_लिस्ट’ या नावाने आणि मॉडेलच्या नावापुढे ‘_लिस्ट’ जोडून देतो, तर डिटेल-व्ह्यू एकच नोंद ‘ऑब्जेक्ट’ या नावाने देतो. ‘कॉन्टेक्स्ट_ऑब्जेक्ट_नेम’ स्वतः लिहून ठेवणे सर्वांत स्पष्ट असते. जिंजा-२ ही दुसरी टेम्प्लेट-प्रणाली वापरत असाल तर ‘स्ट्रिक्ट-अनडिफाइंड’ चालू करावे, म्हणजे अशी चूक लगेच त्रुटी म्हणून समोर येते.

४. संपूर्ण ऑब्जेक्टच टेम्प्लेटला दिला, तर काय बिघडते?

पान सर्व्हरवरच तयार होत असेल, तर टेम्प्लेटमध्ये न लिहिलेले फील्ड ब्राउझरपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे येथे मुख्य प्रश्न वेगाचा असतो आणि तो प्रश्न ६ व ८ मध्ये पाहिला आहे.

जेसन (ब्राउझरमधील कोडला माहिती देण्याचे स्वरूप) पाठवताना मात्र स्थिती पूर्ण बदलते. ऑब्जेक्टची सगळी फील्ड सरसकट पाठवली, तर पडद्यावर न दिसणारा ईमेल पत्ता, पासवर्डचा हॅश किंवा अंतर्गत शेरा ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कोणालाही वाचता येतो. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या एपीआय (प्रोग्रामांमधील देवाणघेवाण) सुरक्षा यादीत हा धोका स्वतंत्रपणे तिसऱ्या क्रमांकावर होता. २०२३ च्या यादीत तो ऑब्जेक्टच्या गुणधर्मांवरील अधिकार तपासणीच्या व्यापक धोक्यात सामावला गेला, क्रमांक तिसराच राहिला. सीरियलायझरमध्ये (ऑब्जेक्टचे जेसन करणाऱ्या कोडमध्ये) ‘ऑल’ लिहिण्याऐवजी फील्डची नावे एकेक करून लिहावीत. काय वगळायचे याची यादी ठेवणेही पुरेसे नाही, कारण उद्या कोणी मॉडेलमध्ये नवे गोपनीय फील्ड जोडले, तर ते त्या यादीत नसल्यामुळे थेट बाहेर जाते. लाराव्हेलमधील एपीआय रिसोर्स याच कामासाठी असतात.

५. ‘ऑल’ लिहिले की सगळे टेबल मेमरीत येते का?

त्या ओळीवर नाही. जँगोचा क्वेरीसेट आळशी असतो: त्यावर फिल्टर, क्रम आणि तुकडा यांच्या पायऱ्या रचता येतात आणि क्वेरी प्रत्यक्षात तेव्हाच चालते, जेव्हा त्यावर लूप फिरतो, त्याची लिस्ट केली जाते, लांबी मोजली जाते किंवा त्याला खरे-खोटे म्हणून तपासले जाते. म्हणून व्ह्यूमध्ये रचलेली क्वेरी अनेकदा टेम्प्लेट रंगवताना चालते.

यातून काही सवयी लागतात. फक्त संख्या हवी असेल तर ‘काउंट’ वापरावे, फक्त अस्तित्व तपासायचे असेल तर ‘एग्झिस्ट्स’ वापरावे. मात्र पुढे त्याच नोंदी दाखवायच्याच असतील, तर आधी ‘एग्झिस्ट्स’ विचारणे ही एक जास्तीची क्वेरी ठरते. तेथे क्वेरीसेटवर थेट लूप फिरवून त्याचीच लांबी घेणे योग्य, कारण पहिल्या वेळी आलेले निकाल त्या क्वेरीसेटमध्ये साठून राहतात.

६. पानावर पन्नासच लेख आहेत, तरी शंभराहून अधिक क्वेरी का चालतात?

याला ‘एन अधिक एक’ असे म्हणतात आणि आलेल्या प्रश्नांत याचा वाटा मोठा आहे. यादीसाठी एक क्वेरी चालते. मग लूपमध्ये प्रत्येक लेखाच्या लेखकाचे नाव मागितले की प्रत्येक वेळी लेखकाच्या टेबलाकडे एक क्वेरी जाते, आणि लेखाचा विभागही दाखवला की आणखी एक. पन्नास लेखांसाठी अशा १०१ क्वेरी होतात. टेम्प्लेटमध्ये हा खर्च एका निरुपद्रवी टिंबामागे दडलेला असल्यामुळे तो वाचताना जाणवत नाही, आणि विकासकाच्या संगणकावर दहाच नोंदी असल्यामुळे वेळेतही जाणवत नाही.

संबंधाच्या दुसऱ्या टोकाला एकच नोंद असेल, म्हणजे फॉरेन-की किंवा वन-टू-वन असेल, तर ‘सिलेक्ट_रिलेटेड’ वापरावे. ते जॉइन करून (दोन टेबलांच्या ओळी जोडून) सगळे एकाच क्वेरीत आणते. दुसऱ्या टोकाला अनेक नोंदी असतील, जसे लेखाच्या प्रतिक्रिया, तर ‘प्रीफेच_रिलेटेड’ वापरावे. ते त्या संबंधासाठी एक वेगळी क्वेरी चालवते आणि जुळणी पायथनमध्ये करते. दुसऱ्या प्रकाराला जॉइन का चालत नाही, हे आकड्यांत पाहावे: पन्नास लेखांना प्रत्येकी तीस प्रतिक्रिया असतील, तर जॉइनमधून १५०० ओळी येतील आणि प्रत्येक लेखाची माहिती तीस वेळा वाहून आणली जाईल.

रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’ या दोन मार्गांपैकी एक स्वतः निवडतो. सक्तीने निवडायचे असेल तर ‘प्रीलोड’ आणि ‘ईगर_लोड’ आहेत. लाराव्हेलचे ‘विथ’ वेगळ्या क्वेरीचा मार्ग घेते. या दोन्ही फ्रेमवर्कमध्ये आळशी लोडिंगवर (संबंध लागेल तेव्हाच आणण्यावर) बंदी घालण्याची सोयही आहे: रेल्स ६.१ पासून ‘स्ट्रिक्ट_लोडिंग’, लाराव्हेलच्या आठव्या आवृत्तीपासून ‘प्रिव्हेंट-लेझी-लोडिंग’. विकासाच्या काळात ती चालू ठेवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन-इन-व्ह्यू’ मुळात चालू असते, म्हणून टेम्प्लेटमधूनही अशा क्वेरी चालतात. ते बंद केले की न आणलेल्या संबंधाला हात लावताच हायबरनेट (स्प्रिंगसोबत वापरली जाणारी डेटाबेस-लायब्ररी) त्रुटी देतो आणि निवड कुठे अपुरी होती ते नेमके कळते.

७. प्रीफेच केले, तरीही क्वेरी वाढतातच. का?

प्रीफेचने आणलेल्या नोंदी ‘सगळ्या द्या’ अशा मागणीलाच उपयोगी पडतात. लूपमध्ये प्रतिक्रियांवर पुन्हा ‘फिल्टर’ किंवा ‘ऑर्डर_बाय’ लावला की ती नवी क्वेरी ठरते, आणि आधी आणलेल्या नोंदी वाया जातात. मंजूर झालेल्याच प्रतिक्रिया हव्या असतील, तर ती अट व्ह्यूमध्येच ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टच्या क्वेरीसेटमध्ये लिहावी आणि ‘टू_अॅट्र’ देऊन निकाल वेगळ्या नावाने ठेवावा. प्रत्येक लेखाच्या पहिल्या तीनच प्रतिक्रिया हव्या असतील, तर जँगो ४.२ पासून त्या क्वेरीसेटला तुकडाही लावता येतो.

८. ‘ओन्ली’, ‘डिफर’ आणि ‘व्हॅल्यूज’ यांतून काय निवडावे?

प्रथम काहीच निवडू नये. सामान्य आकाराच्या टेबलात चार-दोन फील्ड कमी केल्याने जाणवण्याइतका फरक पडत नाही. मोठा मजकूर, जेसन किंवा बायनरी माहिती असलेले फील्ड यादीत लागत नसेल, तर ‘डिफर’ने ते मागे ठेवावे. मात्र पुढे कोणी टेम्प्लेटमध्ये त्याच फील्डचा उल्लेख केला, तर प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र क्वेरी चालते, म्हणजे प्रश्न ६ मधील दुखणे नव्या वाटेने परत येते. ‘ओन्ली’लाही हाच धोका आहे. ‘व्हॅल्यूज’ साधे शब्दकोश देते. अहवाल, आलेख किंवा निर्यात यांसाठी ते उत्तम आहे, पण त्यात मॉडेलच्या पद्धती नसतात, म्हणून पानावर दुव्याचा पत्ता मॉडेलच्या पद्धतीतून काढत असाल तर ते चालणार नाही.

९. प्रत्येक वापरकर्त्याला फक्त त्याच्याच ऑर्डर कशा दाखवाव्यात?

यादीच्या पानावर सर्वजण ‘मालक हाच वापरकर्ता’ ही अट लिहितात. विसर पडतो तो तपशिलाच्या पानावर. तेथे पत्त्यातील क्रमांकावरून सगळ्या ऑर्डरींतून नोंद शोधली जाते आणि क्रमांक बदलून पाहणाऱ्याला दुसऱ्याची ऑर्डर उघडता येते. ओवास्पच्या एपीआय यादीत २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळा ऑब्जेक्टवरील अधिकार न तपासण्याचा हाच दोष पहिल्या क्रमांकावर होता.

उपाय असा की शोध सगळ्या टेबलात घ्यायचाच नाही. क्लास वापरत असाल तर ‘गेट_क्वेरीसेट’मध्ये वापरकर्त्याची अट लावावी, फंक्शन वापरत असाल तर ‘गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४’ला मॉडेलऐवजी आधीच गाळलेला क्वेरीसेट द्यावा. मग परक्या ऑर्डरला ४०४ (‘सापडले नाही’) मिळते, जे येथे ४०३ (‘परवानगी नाही’) पेक्षा चांगले आहे, कारण अशी ऑर्डर अस्तित्वात आहे एवढेही त्यातून कळत नाही. यादी, तपशील, बदल आणि काढून टाकणे या चारही व्ह्यूंना एकच मूळ क्वेरीसेट मिळेल अशी रचना केली, तर एखाद्या ठिकाणी अट राहून जाण्याची शक्यताच कमी होते. क्रमांकाऐवजी यूयूआयडी (लांबलचक एकमेव ओळख) वापरल्याने अंदाज बांधणे कठीण होते, पण दुवा दुसऱ्याच्या हाती पडला तर ते संरक्षण संपते. अधिकार तपासणीची जागा ते घेऊ शकत नाही.

१०. फॉर्ममधील ड्रॉपडाउनमध्ये सगळ्यांचेच पत्ते दिसतात. ते कसे थांबवावे?

मॉडेल-फॉर्म संबंधित टेबलातील सगळ्या नोंदी पर्याय म्हणून घेतो, आणि फॉर्मला विनंती करणाऱ्या वापरकर्त्याची माहिती आपोआप मिळत नाही. व्ह्यूने वापरकर्ता फॉर्मच्या ‘इनिट’ पद्धतीकडे पाठवावा आणि तेथे त्या फील्डचा क्वेरीसेट मर्यादित करावा. पाठवलेले मूल्य वैध आहे की नाही, हे तपासतानाही जँगो हाच क्वेरीसेट वापरतो; त्यामुळे एका बदलात दिसणारी यादी आणि स्वीकारली जाणारी मूल्ये दोन्ही आवरली जातात. केवळ जावास्क्रिप्टने पर्याय लपवले, तर दुसरा भाग उघडाच राहतो.

११. प्रसिद्धीची वेळ झालेले नवे लेख सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय दिसत नाहीत. काय चुकते?

क्लासच्या ‘क्वेरीसेट’ गुणधर्मात ‘प्रसिद्धीची वेळ आत्ताच्या वेळेपूर्वीची’ अशी अट लिहिली असेल, तर ‘आत्ताची वेळ’ ही फाइल लोड होताना एकदाच काढली जाते. जँगो प्रत्येक विनंतीला त्या क्वेरीसेटची नवी प्रत घेतो, म्हणून डेटाबेसमधील इतर बदल दिसतात, पण गोठलेली वेळ तशीच राहते. अट ‘गेट_क्वेरीसेट’मध्ये हलवावी. डेटाबेसचे ‘नाऊ’ फंक्शन वापरले असेल तर हा दोष येत नाही, कारण ती वेळ क्वेरी चालताना डेटाबेस स्वतः काढतो.

१२. यादीत एकच लेख दोनदा दिसतो आणि प्रतिक्रियांची संख्या फुगलेली येते. कारण काय?

दोन्ही लक्षणांचे कारण जॉइन हेच आहे. अनेक टॅगांपैकी कोणताही टॅग असलेले लेख मागितले, तर दोन टॅग जुळणाऱ्या लेखाच्या दोन ओळी येतात. ‘डिस्टिंक्ट’ने त्या एक होतात, मला मात्र ‘एग्झिस्ट्स’ची उपक्वेरी अधिक योग्य वाटते, कारण तीत ओळी मुळातच वाढत नाहीत.

संख्येचा दोष अधिक फसवा आहे. एका लेखाला चार टॅग आणि तीन प्रतिक्रिया असतील आणि दोन्हींची मोजणी एकाच क्वेरीत केली, तर जॉइनमधून बारा ओळी तयार होतात आणि दोन्ही संख्या बारा येतात. ‘काउंट’मध्ये ‘डिस्टिंक्ट’ चालू केले की चार आणि तीन हे बरोबर आकडे मिळतात. पण हाच उपाय ‘सम’ला लावू नये: वेगळ्या मूल्यांची बेरीज मागितली, तर समान रकमेच्या दोन खऱ्या नोंदींपैकी एक गळून पडते. बेरजेसाठी प्रत्येक संबंधाची स्वतंत्र उपक्वेरी लिहावी. एकाच टॅगच्या साध्या नोंदीवर तपासले तर हे काहीच दिसत नाही, म्हणून तपासणीच्या माहितीत दोन्ही बाजूंना एकाहून अधिक नोंदी ठेवाव्यात.

१३. पाने पाडताना काही नोंदी दोन पानांवर येतात, काही कुठेच येत नाहीत. का?

क्रम निश्चित नसेल, तर डेटाबेस समान नोंदी कोणत्याही क्रमाने देऊ शकतो. फक्त तारखेनुसार क्रम लावला असेल आणि अनेक लेख एकाच तारखेचे असतील, तर शेवटी प्राथमिक की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) जोडावी. फार खोलवरची पाने हळू उघडतात, कारण ‘ऑफसेट’ने वगळलेल्या ओळीही डेटाबेसला आधी ओलांडाव्या लागतात, तेथे शेवटच्या नोंदीच्या मूल्यापासून पुढे मागणारी की-सेट पद्धत घ्यावी. तिच्यात थेट चाळिसाव्या पानावर उडी मारता येत नाही.

१४. जुन्या ऑर्डरच्या पानावर आजची किंमत दिसते. क्वेरी तर बरोबर आहे, मग?

क्वेरी बरोबर असली तरी मॉडेल अपुरे आहे. ऑर्डरमधील ओळ उत्पादनाकडे बोट दाखवते आणि उत्पादनाची किंमत बदलत राहते. पानाला मात्र खरेदीच्या क्षणीची किंमत सांगायची आहे. ती किंमत, कराचा दर आणि पोहोचवण्याचा पत्ता ऑर्डर नोंदवतानाच ऑर्डरच्या नोंदीत उतरवून ठेवावा आणि व्ह्यूने तेथूनच वाचावा. उत्पादनाचे चित्र किंवा आजच्या पानाचा दुवा संबंधातून घ्यायला हरकत नाही, कारण ती चालू स्थितीची माहिती आहे.

१५. बदल जतन झाला, तरी पुढच्या पानावर जुनीच माहिती दिसते. दोष कुठे शोधावा?

दोन ठिकाणी. लेखन मुख्य डेटाबेसवर आणि वाचन प्रतिकृतीवर होत असेल, तर प्रतिकृती काही क्षण मागे असू शकते. नुकताच बदल केलेल्या वापरकर्त्याचे पुढचे वाचन थोडा वेळ मुख्य डेटाबेसकडे वळवावे. दुसरे ठिकाण कॅश, म्हणजे तयार निकालांचा तात्पुरता साठा. येथे जुन्या माहितीपेक्षा परक्या माहितीचा धोका मोठा आहे: टेम्प्लेटचा वैयक्तिक तुकडा कॅश करताना किल्लीत वापरकर्त्याची ओळख घातली नाही, तर एकाचे नाव दुसऱ्याला दिसते. तेव्हा प्रश्न ९ मधील सर्व काळजी घेऊनही उपयोग होत नाही, कारण क्वेरी चाललेलीच नसते.

१६. योग्य डेटाच निवडला आहे, याची खात्री कशी करावी?

‘असर्ट_नम_क्वेरीज’ने क्वेरींची संख्या चाचणीत बांधून ठेवावी, आणि ती चाचणी आधी दोन व नंतर दहा नोंदींवर चालवावी, संख्या बदलली तर प्रश्न ६ लागू आहे. अधिकारांसाठी प्रत्येक चाचणीत दोन वापरकर्ते असावेत आणि पहिल्याने दुसऱ्याची नोंद मागून पाहावी. एकाच वापरकर्त्याची चाचणी या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

१७. काढून टाकलेल्या नोंदी लपवणारा मॅनेजर लिहिला, तरी त्या काही पानांवर दिसतात. असे कसे?

सॉफ्ट-डिलीट करणाऱ्यांना (नोंद न पुसता तिच्यावर ‘काढलेली’ अशी खूण करणाऱ्यांना) हा प्रश्न हमखास पडतो, आणि त्याचे उत्तर जँगो कोणता मॅनेजर केव्हा वापरतो यात आहे. मॉडेलमध्ये प्रथम लिहिलेला मॅनेजर मुळातला मॅनेजर ठरतो आणि लेखकाकडून त्याच्या लेखांकडे जाताना तोच लागू होतो, म्हणून काढलेले लेख तेथे दिसत नाहीत. लेखाकडून लेखकाकडे जाताना मात्र पायाभूत मॅनेजर वापरला जातो, जो काहीच गाळत नाही. म्हणून काढलेल्या लेखकाचे नाव लेखावर दिसत राहते. बहुतेक वेळा हे हिताचेच असते, कारण लेख राहिला आणि त्याचा लेखक सापडेनासा झाला, तर व्ह्यूच्या कोडमध्ये त्रुटी येईल आणि टेम्प्लेटमध्ये नावाची जागा रिकामी दिसेल. ‘लेखकाचे शहर अमुक असलेले लेख’ अशी संबंध ओलांडणारी अट लिहिली, तर लेखकाचा कोणताच मॅनेजर लागू होत नाही आणि ‘लेखक काढलेला नसावा’ ही अट स्वतः जोडावी लागते. शिवाय जँगोचे अॅडमिनही मुळातलाच मॅनेजर वापरते, त्यामुळे काढलेली नोंद परत आणण्यासाठी ती तेथे शोधली तर सापडत नाही. म्हणून न गाळणारा मॅनेजर प्रथम लिहावा आणि गाळणारा मॅनेजर वेगळ्या, स्पष्ट नावाने व्ह्यूमध्ये वापरावा. असे केल्यावर लेखकाच्या लेखांकडे जातानाही गाळणी आपोआप लागणार नाही, हे ध्यानात घेऊन ती प्रश्न ७ मधील पद्धतीने प्रीफेचच्या क्वेरीसेटमध्ये लिहावी.